आमच्याकडे तिसऱ्या हाकेला ओ देतात

॥ श्री ॥
जळगाव,
मंगळवार, ९ जानेवारी १९९०

चि. सौ. मंदा,

तुला अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे बरे. तुम्हीही बरेच असा, कारण माझा जीव आधीच टांगणीला लागलाय, त्यात आणखी भर नको.

आधी कामाचं. तुझं पत्र मिळालं. कुंदाबाईंना वैजूचा फोटो पसंत पडला, त्यांचा यशवंतही हो म्हणतोय, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. तुझ्या थोरल्या जावेचं घर म्हणून नाही म्हणत, पण असं स्थळ आपल्याला दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं. मुलगा वीज मंडळात, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, राहणार धुळ्यातच आणि दोन गल्ल्या सोडून सख्खी मावशी. वैजू बी.ए. झाली तेव्हापासून आमची बोलणी होतात आणि मोडतात, हे तुझ्यापासून लपलेलं नाही. एकांना उंची कमी वाटली, एकांची पत्रिका जुळेना, आणि सावद्याच्या लोकांनी तर कारणही सांगितलं नाही. आता हे जमलंच पाहिजे. पोरगी तोंडाने काही बोलत नाही, पण पोस्टमनची सायकल वाजली की तिचे हात थांबतात, ते मला दिसतं.

कुंदाबाई चौकशी फार बारीक करतात असं तू लिहिलंस. किती बारीक गं? घराणं, नातीगोती हे विचारणारच. दुखणीबिखणीही विचारतात का? मी आपलं सहज विचारते.

आता तुझ्या दाजींचं ऐक. म्हातारपणी माणसाला देवाचं वेड लागतं, यांना आवाजाचं लागलंय! दरवर्षी सव्वीस जानेवारीला गावाची उत्सव समिती ड्रॉइंग मास्तर म्हणून यांना मोठ्या मैदानावरची कमान करायला सांगते. थर्माकोलचा अशोकस्तंभ, पताका, दोन हत्ती. यंदा हे म्हणाले, कमान नाही, चित्र नाही, डोळ्याला दिसेल असं काहीच नाही. फक्त ऐकायचं. मैदानभर बांबू रोवायचे, बांबूवर भोंगे बांधायचे, आणि प्रत्येक भोंग्यातून आपल्या मुलखातल्या एकेका जागेचा आवाज. पश्चिमेच्या फाटकातून आत शिरलं की पिंपळनेरकडच्या आदिवासींची पावरी, ती भोपळ्याची बासरी, वाजते. पुढे गेलं की धुळ्याचा एस.टी. स्टँड. मग पारोळ्याचा बाजार, मग आपल्याकडचं कापसाचं जिनिंग, घराघरातलं जातं, वाऱ्यावर फाटणारी केळीची पानं, आणि पार पूर्वेला भुसावळचं रेल्वे यार्ड, तिथे डबे एकमेकांवर आपटतात तो आवाज. माणूस चालत निघाला की दहा-पंधरा मिनिटांत अख्खा खानदेश कानांनी ओलांडतो.

समितीचे अध्यक्ष पुखराजशेठ, कापडवाले. ते म्हणाले, "मास्तरजी, सब ठीक है, लेकिन इसमें देखने का क्या है?" हे म्हणाले, "शेठ, डोळे मिटून या." शेठ घाबरलेच. पण यांनी मुलखातल्या लोकांचे आवाज कसे ऐकवणार ते बोलायला सुरुवात केली की समोरच्याला हो म्हटल्यावाचून गत्यंतर नसतं. लग्नात मीही तसंच हो म्हटलं होतं.

आता घरात पाय ठेवायला जागा नाही. गावातून मागून आणलेले टू-इन-वन टेप भिंतीला लावून ठेवलेत, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. बरेचसे लग्नात आलेले, प्लास्टिकची पिशवीही न काढलेले. जात्याचा आवाज आमच्याच घरी घेतला. सासूबाईंनी आणि मी खुंटा धरला, आणि हे मशीन घेऊन जात्याला चिकटून बसले. मी ओवी म्हटली.

धुळ्याच्या वाटेला गं, बाभळीची साउली,
लेक निघाली सासरी, मागे वळते माउली

हे म्हणतात, "पुन्हा म्हण, जरा मोठ्यानं." पुन्हा म्हटली. "आणखी मोठ्यानं." मी म्हटलं, अहो, ओवी आहे ही, दवंडी नाही!

हाका मारूनही माझा घसा बसलाय. आमच्या सासूबाईंचा नियम तुला आठवतो ना? वैजूच्या वेळी तू माझ्या मदतीला आली होतीस तेव्हा पोट धरून हसली होतीस. तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत असेल तर ते एकदा-दोनदा हाक मारून थांबतं, तीनदा मारतो तो माणूसच. पूर्वी हा नियम तिन्हीसांजेपुरता होता. आता तुझे दाजी सकाळी चहालासुद्धा तिसऱ्या हाकेशिवाय येत नाहीत.

तर कुंदाबाई अठ्ठावीसला रविवारी येतात हे पक्कं समजू ना? मैदान तेव्हा चालूच असेल. लोक हसतील का गं? मुलीचं बघणं, आणि मुलीचा बाप मैदानात भोंगे लावून बसलाय. रात्र रात्र माझ्या डोक्यात हेच येतं.

सर्वांना नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवते.

तुझी
अक्का


जळगाव,
मंगळवार, २३ जानेवारी

मंदे,

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र धुळे गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते. तो तुझ्या यजमानांना ओळखतो.

पाहुण्यांचं रविवारचं येणं पुढे ढकलता येईल का? फेब्रुवारीत कधीही चालेल. तू असं सांग की अक्काच्या घरी पसारा आहे, टू-इन-वन पडलेत, बसायला जागा नाही. हे खोटंही नाही. किंवा असं सांग की मास्तरांना सर्दी झालीय. नाहीतर त्यांना रविवारीच आण, पण थेट घरी. मैदानात नको. घरी हे खुर्चीत बसतात, समोरासमोर बोलतात, सगळं नीट होतं.

काल भोंग्यांची चाचणी होती. मी डबा घेऊन गेले होते. पावरी ठीक होती, स्टँडही ठीक. भुसावळचे डबे आपटले तेव्हा माझ्या छातीत धडधडलं, इतकं खरं. पण जात्याच्या भोंग्यापाशी गेले आणि मंदे, माझीच ओवी माझ्या कानात सुई टोचावी तशी घुसली! बांगड्यांचा आवाज तर ऐकवेना. बांधकामावरच्या बायका कानावर पदर दाबून पळाल्या. देवळाच्या घंटेचंही तेच, चिमण्यांचंही तेच. जड आवाज सगळे बरोबर आणि बारीक आवाज सगळे किंचाळत होते. आणि हे जात्याच्या बांबूखाली उभे होते. डोळे मिटलेले, चेहरा असा की वैजू पहिल्यांदा हसली तेव्हाच काय तो मी पाहिला असेल. मला जवळ आलेलं पाहून म्हणाले, "आत्ता कुठे लागलाय नीट. काय गळा होता गं तुझा."

तोताराम म्हणून भोंगेवाला आहे, पारोळ्याकडचा. लग्नाच्या वराती करतो, तोंडाने फटकळ. तो मशीन सोडून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, आठे उभं ऱ्हावायत नही. तुमले ऐकू येस का नही?" इथे उभं राहवत नाही म्हणे. हे नुसते हसले. मग तोताराम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, त्यांना सर्दी झालीय, कानांना दडे बसलेत. तोताराम म्हणाला, "सर्दी शे का? बरं." पण त्याने मान हलवली ती न पटल्यासारखी.

हे घरी निघाले तेव्हा मी तोतारामला बाजूला घेतलं. सव्वीसला आवाज तुम्हीच लावा, तुमच्या कानाने लावा, मास्तरांना सांगू नका, म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "बठ्ठा मी करस, वहिनी." सगळं तोच करणार. भला माणूस आहे.

सर्दीच आहे गं. थंडी आहे ना. शिवाय ते दिवसभर यंत्रांत असतात. पण पाहुण्यांना मैदानात आणू नकोस. उलट टपाली नको, याच कंडक्टरबरोबर निरोप दे.

अक्का


जळगाव,
मंगळवार, ३० जानेवारी

प्रिय मंदा,

काल कुंदाबाईंचा फोन पुखराजशेठच्या दुकानात आला. मुलगी पसंत आहे, पुढच्या महिन्यात चांगला मुहूर्त बघून साखरपुडा धरा. शेठ स्वतः पेढे घेऊन आले. सासूबाईंनी वैजूची दृष्ट काढली. मीही पेढा खाल्ला. तो अजून घशातून खाली उतरलेला नाही, आणि का उतरत नाही ते सांगायला हे पत्र आहे. शेवटपर्यंत वाच, मध्येच रागावून ठेवू नकोस.

तुझा निरोप आला होता की धुळ्याच्या पेपरात मैदानाचं छापून आलंय आणि कुंदाबाईंनाच ते आधी पाहायचंय. मग मी काय करणार? रविवारी दुपारी तुम्ही सगळे थेट मैदानावरच उतरलात. तू सोबत होतीस, पण तू यशवंत आणि वैजूच्या मागे मागे होतीस, ते बरोबरच होतं. म्हणून जे झालं ते तू पाहिलं नाहीस.

तोतारामने आवाज सुरेख लावले होते. मैदान माणसांनी भरलं होतं आणि तरी गलका नव्हता, हे तूही पाहिलंस. फैजपूरकडचे केळीवाले पानांच्या आवाजाखाली उभे राहून वर बघत होते, वर बांबू आणि भोंगा सोडून काही नव्हतं तरी. यार्डापाशी एक रिटायर गार्ड कोणता डबा कोणत्या रुळावर गेला ते बायकोला सांगत होता. लोक हसतील म्हणून मी झुरत होते, आणि लोक चपला हळू टाकत होते. यांनी केलं हे, मंदे. माझ्या नवऱ्याने. मला इतका अभिमान वाटला की कुणाला तरी हलवून सांगावंसं वाटलं.

जात्यापाशी बायकांची दाटी होती. ओवी चालू होती, गोड, अगदी पहाटे घरात येते तशी. एक म्हातारी भोंग्याबरोबर पुटपुटत होती. आणि हे बांबूला हात लावून उभे. भोंग्याकडे बघतात, बायकांच्या तोंडाकडे बघतात, पुन्हा भोंग्याकडे. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हा बंद पडला का गं?"

बायकांनी वळून पाहिलं. मी हातानेच खुणावलं की चालू आहे. त्यांनी मान डोलावली आणि खिशातून रुमाल काढून उगीच चष्मा पुसत बसले. सगळ्या गावाला माझी ओवी ऐकू येत होती, ज्याने ती टिपली त्याला सोडून. आणि हे मी केलं होतं. सोयरीक मोडू नये म्हणून मीच त्यांनी लावलेला आवाज कमी करून घेतला होता.

तेवढ्यात मागून कुंदाबाई आल्या. "भाऊ!" म्हणून हाक मारली. यांची पाठ होती. पुन्हा "भाऊ!" त्यांच्या कपाळावर आठी आली, मी ती पाहिली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुंदाबाई, आमच्याकडे तिसऱ्या हाकेला ओ देतात. सासूबाईंचं वळण आहे." आणि बोलता बोलता मी यांच्या बाहीला हात लावला. कुंदाबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली, हे वळले, हसून नमस्कार केला. कुंदाबाई काय म्हणाल्या माहीत आहे? "असं वळण आता राहिलं नाही हो कुठे. अशा घरातली मुलगी पाहिजे."

त्या वाक्यावर लग्न ठरलंय, मंदे.

तुझ्या दाजींना ऐकू येत नाही. हे लिहायला मला तीन पत्रं लागली. दोन वर्षं झाली असतील. बारीक आवाज आधी गेले, पाखरं, घंटा, बायकांचं बोलणं. जड आवाज अजून येतात, तेही किती दिवस कोण जाणे. समोर बसलं की ते ओठांवरून ओळखतात, म्हणून घरात कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. कळूनही मी ते स्वतःला कळू दिलं नाही, असं म्हण. आणि मोठी गोष्ट अशी की हे त्यांच्यापासून सुरू झालेलं नाही. आमचे मामंजी तसेच होते. मामंजींच्या बहिणीचं, आत्याबाईंचंही तेच, त्या दार लावून बसायच्या म्हणून सगळे त्यांना शिष्ट म्हणायचे. चाळिशी-पन्नाशीला लागलं की या घरात कान जातात. म्हणजे वैजूचेही जातील की काय, आणि तिच्या पोरांचे? याचं उत्तर कुणी देत नाही. मी दवाखान्यात एकटी जाऊन विचारून आले, डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

पेढे वाटून झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, तुमच्या नियमाने आज लाज राखली. म्हातारीने हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाली, "कोनता नियम वं? तुह्या सासऱ्याले ऐकू येत नव्हतं. लोकं हाका मारत, हा मुकाट जाये. लोकं मले म्हनत, भिकुबाई, तुहा नवरा माजला. मंग मीच काढलं ते तिसऱ्या हाकेचं. भुताचं नाव घेतलं का कोनी पुढं इचारत नाही."

मी म्हटलं, "आणि मला पाहायला आलात तेव्हा?"

"तवा काहून सांगीन मी? तुह्या बापानं पोरगी देली असती का?"

 बावीस वर्षं मी पोरांना तो नियम शिकवला, शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितला, आणि रविवारी तोच तुझ्या जावेच्या गळी उतरवला! म्हातारीचा मला संताप आला, आणि लगेच कळलं की मीही तिच्या जागेवर बसलेय, तिच्यासारखाच पदर सावरून. मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? खरं सांगू, कदाचित म्हटलं असतं. अठरा वर्षांची होते, घाबरले असते. आणि मग हा माणूस माझ्या वाट्याला आला नसता, या विचाराने मला काल रडू आलं. पण मला विचारायला हवं होतं गं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

यांना सगळं माहीत आहे. काल मी बोलायला समोर बसले, तर तेच म्हणाले, "तू तोतारामला आवाज कमी करायला सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "बरं केलंस. लोकांच्या कानाला त्रास नको." एवढंच. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, सगळं एकदा एका जागी ऐकून घ्यावं." मैदान कशासाठी होतं ते मला तेव्हा कळलं. लोकांसाठी होतंच, पण लोकांसाठीच नव्हतं.

वैजूला मी आज सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती तिने तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आई, मला वर्षभरापासून माहीत आहे. बाबांना मी हाक मारतच नाही, समोर जाऊन उभी राहते." यशवंतलाही तिने मैदानातच सांगून टाकलंय, यार्डाच्या आवाजात, तुझ्या नकळत! तो काय म्हणाला ते ती सांगत नाही. नुसतं म्हणते, तुम्ही त्याच्या आईला सांगा, नाहीतर मी हे लग्न करणार नाही. पंचवीस वर्षांची होऊन बसायची वेळ आली तरी चालेल म्हणते. पोरीने आमच्या सगळ्यांच्या श्रीमुखात दिली.

तेव्हा असं ठरलंय. गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं धुळ्याला येतो. कुंदाबाईंना तू आधी काही बोलू नकोस, मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. मामंजींचं, आत्याबाईंचं, यांचं, आणि तिसऱ्या हाकेचंही. तू मध्ये पडलीस म्हणून त्या तुझ्यावर ठपका ठेवतील, जावाजावांत आयुष्यभराचं वितुष्ट येईल, हे मला समजतं. तुला माझा राग आला तर तो रास्त आहे. तरी तू माझ्या शेजारी बस. 

यांना म्हटलं, तुम्ही नका येऊ, त्या काय काय बोलतील. तर म्हणाले, "मी येणार. त्या बोलतील ते मला नाही समजलं तर तू सांग. आणि मंदाला हेही लिही की चांगलं तेवढंच सांगणार नाही असं मी तुझ्याकडून कबूल करून घेतलंय."

तर लिहिलं. कुंदाबाई नाही म्हणाल्या तर तेही यांना सांगेन, यांच्या समोर बसून, सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

तुझी,
आणि आता काहीही न झाकणारी,
सुमन